हाताने गिटार बनवताय? तोल आधी कागदावर जमवा

माझी पहिली गिटार दिसायला देखणी होती. दोन टोकदार शिंगं, पातळ बॉडी, गडद लाल पॉलिश. घरी येणारा प्रत्येक जण तिच्यावरून हात फिरवून बघायचा. पट्टा अडकवून मी पहिल्यांदा उभा राहिलो आणि डावा हात नेकवरून, म्हणजे गिटारीच्या दांडीवरून काढला, तर हेडस्टॉक, म्हणजे दांडीच्या टोकाचं चाव्यांचं डोकं, सरळ जमिनीकडे निघाला. हाताने उचलून धरला, सोडला, पुन्हा खाली. अर्ध्या तासात डाव्या अंगठ्याचा बुडखा दुखायला लागला, कारण तो हात सूर दाबण्याआधी गिटार पेलण्याचंच काम करत होता. चार महिन्यांची मेहनत होती ती. लाकूड चांगलं होतं, जोड घट्ट होते, फ्रेट (नेकवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या) सरळ बसले होते. फक्त तोलाचा विचार मी एकदाही केला नव्हता.

सतार शिकायला बसलेल्याला गुरुजी पहिल्या काही दिवसांतच सांगतात की दांडी डाव्या हाताने पेलायची नाही. भोपळा डाव्या तळपायावर टेकवायचा, उजवा हात वरून ठेवायचा, डावा हात फक्त पडद्यांवर फिरायचा. गिटारीलाही हाच नियम. सतारीत तो बैठकीने साधतो, इलेक्ट्रिक गिटारीत मात्र बनवणाऱ्याने तो आधीच बांधून द्यावा लागतो. म्हणून हा लेख पहिलीच गिटार करायला घेणाऱ्यांसाठी, आणि लाकूड कापायच्या आधी वाचण्यासाठी. उदाहरण इलेक्ट्रिक गिटारीचं घेतलंय, कारण तोल सगळ्यात जास्त तिथेच बिघडतो.

पहिली पायरी: डोकं खाली का जातं ते समजून घ्या

कावड खांद्यावर घेणारा माणूस दोन्ही बाजूंचं वजन सारखं नसलं, तर दांडी खांद्यावर पुढेमागे सरकवतो. वजन बदलत नाही, टेकायची जागा बदलते. गिटारीत ही टेकायची जागा म्हणजे पट्ट्याचं वरचं बटण. आणि गिटारीचं सगळं वजन जिथे एकवटलंय असं धरता येतं तो बिंदू म्हणजे तिचा गुरुत्वमध्य. या दोन ठिकाणांमधलं अंतर, एवढ्यावरच बहुतेक खेळ आहे.

गुरुत्वमध्य वरच्या बटणापासून बॉडीच्या दिशेने चांगला आत असेल, तर वजन पट्ट्याच्या दोन्ही टोकांवर वाटलं जातं आणि गिटार जागेवर राहते. तो बटणाच्या अगदी जवळ आला, की जवळजवळ सगळा भार पुढच्या टोकावर येतो. मागचं टोक सैल पडतं, पट्टा खांद्यावरून सरकतो आणि हेडस्टॉक खाली जायला लागतो. तो बटणाला ओलांडून नेकच्या बाजूला गेला, तर मग विचारायलाच नको.

बाजारातल्या गिटारींकडे या नजरेने बघा. फेंडर कंपनीच्या १९५१ च्या प्रिसिजन बेस या बेस गिटारीची नेक लांब, म्हणून त्याचं वरचं शिंगही लांब पुढे काढलेलं. १९५४ च्या स्ट्रॅटोकास्टरचं वरचं शिंग बाराव्या फ्रेटच्या आसपास येऊन थांबतं आणि बटण त्याच्या टोकावर. ते शिंग शोभेचं नाही. उलट गिब्सनने १९६१ मध्ये आणलेल्या एसजीत बॉडी पातळ, शिंगं आखूड आणि बटण पार नेकच्या बुडाशी. आवाजासाठी लोक तिच्यावर जीव टाकतात, पण तिची नेक खाली जाते ही तक्रारही तितकीच जुनी आहे. माझी पहिली गिटार त्याच घडणीची होती. नेड स्टाइनबर्गर यांनी तर १९८० च्या सुमारास हेडस्टॉकच काढून टाकला आणि चाव्या ब्रिजकडे नेल्या. तोलाचा प्रश्न मुळापासून सोडवण्याचा इतका सरळ मार्ग दुसरा कुणी काढलेला मला माहीत नाही.

दुसरी पायरी: खऱ्या मापाचं चित्र

ब्राऊन पेपर घ्या आणि गिटार एकास एक मापात काढा. आधी मधली रेषा. तिच्यावर नट (हेडस्टॉकजवळची, तारा टेकतात ती पट्टी), बारावा फ्रेट आणि ब्रिज (बॉडीवर तारा टेकतात तो भाग). ६४८ मिलिमीटर स्केल (नट ते ब्रिज हे अंतर) असेल, तर नटपासून बारावा फ्रेट बरोबर निम्म्यावर, ३२४ मिलिमीटरवर येतो. बाविसावा फ्रेट येतो सुमारे ४६६ वर. हे आकडे लक्षात ठेवा, पुढे लागतील.

आता बॉडीचा आकार. मनाला येईल तो काढा, पण वरच्या शिंगाचं टोक बाराव्या फ्रेटच्या रेषेपर्यंत आणायचा प्रयत्न करा. तेराव्या-चौदाव्यापर्यंत आलं तरी बहुतेक वेळा निभावतं. सोळाव्याच्या मागे थांबलं, तर बाकीच्या गोष्टींवर फार मेहनत घ्यावी लागेल. नवशिक्याने पहिल्याच गिटारीत ती अंगावर घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

शिंग लांब काढताना एक काळजी. लाकडाच्या रेषा नेकच्या दिशेने धावतात. शिंग त्याच दिशेने पुढे आलं तर मजबूत राहतं. ते फार बाहेर वळवलं, तर टोकाजवळ रेषा आखूड तुटतात आणि गिटार एकदा भिंतीला आपटली की तुकडा निघतो.

बसून वाजवणार असाल तर कमरेची खाचही आत्ताच बघा. ती उजव्या मांडीवर टेकते, म्हणजे बसल्यावर तीच टेकायची जागा. गुरुत्वमध्य तिच्या बरोबर वर किंवा दोन-तीन सेंटिमीटर मागच्या बाजूला हवा. १९५८ च्या फ्लाइंग व्हीला कमरच नाही, म्हणून ती मांडीवरून घसरते. अकूस्टिक गिटार करणाऱ्यांनी तर उभं राहण्यापेक्षा या बसण्याच्याच तोलाकडे बघावं. तिथे पट्टा पुष्कळदा हेडस्टॉकलाच बांधतात, त्यामुळे डोकं खाली जायचा प्रश्न राहत नाही.

तिसरी पायरी: पुठ्ठा आणि ओळंबा

बॉडीचा आकार जाड पुठ्ठ्यावर उतरवून कापा. कडेला दोन ठिकाणी भोकं पाडा, एक शिंगाच्या टोकाजवळ आणि एक बाजूच्या फुगीर भागावर. भिंतीत एक खिळा ठोका. पुठ्ठा पहिल्या भोकातून त्या खिळ्यावर मोकळा लटकवा. त्याच खिळ्याला ओळंबा सोडा, नसेल तर दोऱ्याला नट-बोल्टमधला नट बांधा. ओळंब्याचं डुलणं थांबू द्या, पुठ्ठ्याचंही. मग दोऱ्याच्या मागे पेन्सिलीने रेघ ओढा. पुठ्ठा काढून दुसऱ्या भोकातून लटकवा आणि पुन्हा रेघ ओढा. दोन रेघा जिथे छेदतात तो बॉडीचा गुरुत्वमध्य. त्या बिंदूखाली बोटाचं टोक ठेवून पुठ्ठा आडवा धरा. रेघा नीट आल्या असतील तर पुठ्ठा बोटावर स्थिर राहतो. तो राहतो तेव्हा फार बरं वाटतं.

बॉडीची जाडी सगळीकडे सारखी असेल, तर खऱ्या लाकडातही हा बिंदू इथेच येणार. नेकचा असाच बिंदू काढायला पुठ्ठा चालत नाही, कारण तिची जाडी बदलते. तयार नेक विकत घेतली असेल तर घरातलं लाटणं ओट्यावर ठेवा, नेक त्यावर आडवी ठेवून पुढेमागे सरकवा आणि ती जिथे तरंगेल तिथे खूण करा. स्वतः घडवणार असाल तर एखाद्या मित्राच्या गिटारीची बोल्ट केलेली नेक मागून घ्या आणि तिचंच माप धरा.

चौथी पायरी: वजनाचा हिशोब

स्वयंपाकघरातला एक ग्रॅमपर्यंत दाखवणारा वजनकाटा पुरतो. प्रत्येक सुटा भाग तोला आणि वहीत लिहा: सहा चाव्या, ब्रिज, पिकअप (तारांचा कंप टिपणारे चुंबकी भाग), पॉट (आवाज कमी-जास्त करायच्या बटणांखालचे भाग), सॉकेट, प्लेट, स्क्रूसुद्धा. मग प्रत्येक भागाचं बाराव्या फ्रेटच्या रेषेपासूनचं अंतर चित्रावर मोजा. बॉडीकडचं अंतर अधिक, हेडस्टॉककडचं उणे. वजन गुणिले अंतर, सगळ्यांची बेरीज, भागिले एकूण वजन. आलेलं उत्तर म्हणजे पूर्ण गिटारीचा गुरुत्वमध्य बाराव्या फ्रेटपासून किती सेंटिमीटरवर आहे ते.

नेहमीच्या दोन शिंगांच्या गिटारीचा हिशोब साधारण असा होतो:

बॉडी १,९०० ग्रॅम × २६ सेंमी = ४९,४००
पिकअप, प्लेट, वायरिंग ४५० × २५ = ११,२५०
ब्रिज ३०० × ३३ = ९,९००
नेक ६०० × उणे १९ = उणे ११,४००
चाव्या २४० × उणे ४२ = उणे १०,०८०

बेरीज ४९,०७०. एकूण वजन ३,४९० ग्रॅम. भागाकार साधारण १४ सेंटिमीटर.

बटण बाराव्या फ्रेटवर असेल, तर गुरुत्वमध्य त्याच्या १४ सेंटिमीटर आत. उत्तम. आता या गिटारीतलं काहीही न बदलता बटण फक्त नेकच्या बुडाशी, बाविसाव्या फ्रेटजवळ न्या. ४६६ वजा ३२४, म्हणजे तेही १४ सेंटिमीटरच. गुरुत्वमध्य बरोबर बटणाखाली आला आणि तीच गिटार आता डोकं टाकणार. हा हिशोब मी पहिल्यांदा केला तेव्हा वही बंद करून बराच वेळ बसून राहिलो होतो.

बटण ते गुरुत्वमध्य हे अंतर दहा सेंटिमीटरपेक्षा जास्त आलं की माझ्या हाताला गिटार निश्चिंत वाटते. सात-आठ असेल तर खरबरीत चामड्याचा पट्टा लावून चालवता येतं. पाचाच्या खाली आलं तर परत चित्राकडे जा.

पाचवी पायरी: लाकूड

नेहमीच्या आकाराच्या, ४५ मिलिमीटर जाडीच्या बॉडीत ढोबळमानाने चार लिटर लाकूड असतं. त्यामुळे अंदाज सोपा आहे. सतारी-तंबोऱ्यांसाठी वापरतात ते तून लिटरमागे अर्ध्या किलोच्या आसपास भरतं, म्हणजे बॉडी दोन किलोची. शिवणही साधारण तेवढंच, शिवाय ते सुकल्यावर फारसं वाकत नाही. सागवान लिटरला सुमारे ६५० ग्रॅम, बॉडी २.६ किलो. शिसवी ८३० ग्रॅम, बॉडी ३.३ किलो. ती तोलाला चांगली, पण खांद्याला नाही. एकाच जातीच्या दोन फळ्यांतही बराच फरक पडतो, म्हणून वखारीत काटा आणि टेप दोन्ही घेऊन जा. लांबी, रुंदी, जाडी सेंटिमीटरमध्ये गुणून हजाराने भागलं की लिटर मिळतात. आमच्या गल्लीतले सुतारकाका काटा वापरत नाहीत, फळी एका टोकाला धरून उचलतात आणि म्हणतात, "ही अजून ओली आहे, हिला ठेवा." त्यांचा अंदाज चुकलेला मी पाहिलेला नाही. ओली फळी जड भरते, पुढे सुकून हलकी होते आणि तुमचा हिशोब बिघडवते.

इथे एका समजुतीत बरेच जण अडकतात. हलकी गिटार म्हणजे चांगली गिटार, असं धरून बॉडी हलकी करत सुटतात. वरच्याच हिशोबात बॉडी १,९०० ऐवजी १,३०० ग्रॅमची करा. गुरुत्वमध्य १४ वरून ११.६ वर येतो, म्हणजे अडीच सेंटिमीटर नेककडे सरकतो. लांब शिंग असेल तर हे चालून जाईल. माझ्या पहिल्या गिटारीची बॉडी जवळपास एवढीच हलकी होती आणि बटण होतं १४ सेंटिमीटरवर, नेकच्या बुडाशी. म्हणजे गुरुत्वमध्य बटणाच्या पलीकडे, नेकच्या बाजूला.

बॉडी आतून पोकळ करायची असेल तर कुठली जागा कोरता त्याला महत्त्व आहे. नेकच्या बाजूचा, शिंगांच्या मुळाचा भाग कोरला तर तोलाचं फारसं बिघडत नाही, उलट थोडं सुधारतं. ब्रिजच्या मागचा फुगीर भाग कोरला, तर हेडस्टॉकला तोलून धरणारं वजनच तुम्ही भुशात टाकलं.

सहावी पायरी: हेडस्टॉकवरचा प्रत्येक ग्रॅम

तराजूची दांडी एका बाजूला लांब असेल, तर तिकडचं थोडं वजनही भारी पडतं. हेडस्टॉक हे गिटारीचं लांब टोक. म्हणून सुधारणा करायची तर सुरुवात इथून.

चाव्या काट्यावर ठेवून निवडा. पूर्ण बंद, जाड डब्याच्या धातूच्या चाव्या एका नगाला ४० ग्रॅम आणि वर भरतात. जुन्या घडणीच्या, पातळ पत्र्याच्या आवरणाच्या चाव्या २५ ते ३० ग्रॅमच्या असतात. सहांमध्ये ८० ग्रॅम सहज वाचतात. वरच्या हलक्या बॉडीच्या हिशोबात तेवढ्याने गुरुत्वमध्य ११.६ वरून १३.१ वर येतो, दीड सेंटिमीटर आत. तोच फरक मागच्या टोकाला वजन लावून आणायचा तर १३० ग्रॅम लागतात, आणि ते सगळे खांद्यावर. मात्र चाव्या घेताना भोकाचं माप बघा. आधुनिक चाव्यांना बहुतेक १० मिलिमीटरचं भोक लागतं, जुन्या घडणीच्यांना त्याहून बारीक. म्हणून चाव्या हातात आल्याशिवाय हेडस्टॉकला ड्रिल लावू नका.

हेडस्टॉकचा आकारही आटोपशीर ठेवा. मोठा, नक्षीदार हेडस्टॉक काढायचा मोह मला अजूनही होतो. चित्रात तो शोभतो, पण कडेचा प्रत्येक बोटभर तुकडा सगळ्यात दूरच्या टोकाला लटकलेला असतो. नेकमधली ट्रस रॉड पोलादी असते आणि जड वाटते, पण ती नटपासून बुडापर्यंत पसरलेली असल्याने तिचा परिणाम चाव्यांच्या मानाने कमी. ग्रॅम वाचवण्यासाठी ती गाळू नका. नेक सरळ ठेवण्याचं काम तिचं आहे.

सातवी पायरी: पॉलिशच्या आधी लटकवून बघा

हिशोब कितीही नीट केला तरी ही पायरी चुकवू नका. बॉडी बाहेरून कापून झाली, नेकची खाच बसली, पण कडा अजून गोल केलेल्या नाहीत, काचकागद फिरायचाय, अशा वेळी सगळं कच्चं जोडा. नेक बोल्टने आवळा. चाव्या त्यांच्या जागी घाला, भोकं झालेली नसतील तर सहा चाव्या प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून हेडस्टॉकवर चिकटपट्टीने गुंडाळा. ब्रिज आणि पिकअप त्यांच्या जागी तसेच चिकटवा.

पट्ट्याची बटणं तात्पुरती लावा. शिंगाच्या टोकाला स्क्रू रेषांच्या दिशेने आत जातो, त्यामुळे पकड कमी मिळते. तिथे लांब स्क्रू घ्या, आधी बारीक ड्रिलने भोक पाडा आणि स्क्रूच्या आट्यांवर साबण किंवा मेण घासा, नाहीतर टोक फाटतं.

परीक्षेला गुळगुळीत नायलॉनचा पट्टा आणि सुती शर्ट. रुंद चामड्याचा खरबरीत पट्टा खांद्याला चिकटून राहतो आणि दोष झाकतो. गिटार वाजवण्याच्या उंचीवर आणा, नेक थोडी वर ठेवा आणि दोन्ही हात हळूच सोडा. ती तिथेच थांबली किंवा हेडस्टॉक किंचित वर गेला तर ठीक. खाली जात असेल तर सुटे नट-बोल्ट भरलेली छोटी पिशवी ब्रिजच्या मागे चिकटवत वजन वाढवत न्या आणि किती ग्रॅमला ती थांबते ते बघा. शंभरच्या आत थांबली तर हलक्या चाव्यांनी भागेल. तीनशे लागत असतील तर बटणाची जागाच बदलावी लागेल. आता ते शक्य आहे, पॉलिशनंतर जीवावर येतं. मग खुर्चीवर बसूनही तीच परीक्षा घ्या. फक्त बसल्यावर उजवा हात बॉडीवर टेकतो आणि थोडी मदत करतो, एवढं धरून चला.

गिटार आधीच झाली असेल तर

क्रम असा ठेवा. आधी बटण हलवता येतं का बघा, मग चाव्या, मग चाव्यांचे कान. धातूचे कान काढून प्लॅस्टिकचे किंवा लाकडाचे बसवले तरी थोडं वजन उतरतं. बॉडीच्या मागच्या खणात शिसं भरणं सगळ्यात शेवटी. त्याने तोल येतो, पण गिटार जड होते.

माझ्या पहिल्या गिटारीला मी दोन वर्षांनी पुन्हा हात लावला. बटण नेकच्या बुडाशी होतं, ते काढून वरच्या शिंगाच्या टोकावर नेलं, सतराव्या फ्रेटच्या रेषेत. सहा सेंटिमीटर मिळाले. जुनं भोक त्याच लाकडाची काडी सरस लावून ठोकून बुजवलं, तरी पॉलिशखाली तो गोल डाग दिसतोच. जड चाव्या काढून पातळ पत्र्याच्या बसवल्या, मोठी भोकं बुशिंग (भोकात बसणारी कडी) घालून लहान केली. त्यातून दीड सेंटिमीटर. आधी गुरुत्वमध्य बटणाच्या अडीच सेंटिमीटर पलीकडे होता, आता पाच सेंटिमीटर अलीकडे आहे. नायलॉनच्या पट्ट्यावर ती अजूनही हळूहळू झुकते. चामड्याच्या पट्ट्यावर थांबते, आणि माझी भाची तिच्यावर तासभर बार कॉर्ड (एका बोटाने सगळ्या तारा दाबून धरायचे कॉर्ड) वाजवत उभी असते.